पेडण्याचे भाऊसाहेब

आमच्या शाळेची सहल पणजीला गेली की बस मांडवीच्या काठाने मिरामारकडे वळते. त्या रस्त्याला दयानंद बांदोडकर मार्ग म्हणतात, आणि रस्ता संपतो तिथे, समुद्राजवळ, त्यांची समाधी आहे. मागच्या सहलीत पाचवीतल्या एका मुलीने आम्हांला विचारले की हे कोण होते, राजे होते की लढाईत गेलेले सैनिक. आम्ही उत्तर दिले की ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते हे आमचे आम्हांलाच जाणवले. मुलीनेही पुढे काही विचारले नाही, वाळूत खेळायला निघून गेली. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी हा लेख. पालकांनी आणि विश्वस्तांनीही तो वाचावा, कारण यातील काही गोष्टी त्यांच्या घरातल्याच आहेत.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म 12 मार्च 1911 रोजी पेडणे येथे झाला. ही तारीख पाठ करण्यापेक्षा तिच्या पाच महिने आधी काय घडले ते लक्षात ठेवावे. 5 ऑक्टोबर 1910 रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना कागदावर का होईना, इतर नागरिकांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. त्यांच्या आजोबांच्या पिढीला जे मागताही आले नसते, ते या मुलाच्या पिढीला जन्मतःच मिळाले होते. कागदावरचा हक्क आणि गावातली वागणूक यांत मात्र बरेच अंतर होते. बांदोडकर गोमंतक मराठा समाजातले. देवळांच्या सेवेशी आणि गायन-वादनाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेलेला, उत्तम कलावंत देणारा आणि तरीही मानाच्या पंगतीबाहेर ठेवलेला हा समाज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच समाजातील माणसांनी शिक्षणाची आणि सुधारणेची चळवळ उभी केली. भाऊसाहेब त्या चळवळीच्या काळात वाढले. पुढे सत्तेवर आल्यावर ते कोणाच्या दारात प्रथम गेले, हे समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी माहीत हवी.

पेडणे तालुक्याविषयीही थोडे सांगायला हवे, कारण आमच्या बऱ्याच मुलांना मोपाचा विमानतळ माहीत आहे, पण पेडणे माहीत नाही. गोव्याच्या उत्तर टोकाचा हा तालुका. तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडे सिंधुदुर्ग. पोर्तुगिजांकडे हा भाग फार उशिरा, 1788 साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून आला. डिचोली आणि सत्तरीही त्याच सुमारास, अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी. म्हणून या तालुक्यांना नव्या काबिजादी म्हणतात. जुन्या काबिजादींत जे धर्मांतर आणि देवळांची मोडतोड झाली ती इथे झाली नाही. देवी भगवतीचे देऊळ, दसऱ्यानंतरची पुनाव, भजन, दशावतार हे सगळे चालू राहिले आणि पोथ्यापुराणांची, कीर्तनाची भाषा मराठीच राहिली. घरात बोलायची ती कोंकणी, पाटीवर लिहायची ती मराठी. या दोहोंत भांडण आहे असे त्या काळच्या पेडणेकराला वाटत नसे. भांडण नंतर आले.

शाळा मात्र नव्हत्या म्हटल्या तरी चालेल. सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत. प्रिमेरू ग्राव, सेगुंद ग्राव आणि परवडले तर पणजीचे लिसेंव. मराठी शिकायची ती खासगी शाळेत, नाहीतर देवळाच्या मंडपात किंवा कोणाच्या पडवीत बसणाऱ्या मास्तरांकडे. मास्तरांचा पगार गावाने वर्गणी काढून द्यायचा. गावात चार पैसेवाले असले तर शाळा चालायची, नसले तर पावसाळ्यात बंद पडायची. कष्टकऱ्यांच्या मुलांना, आणि मुलींना तर विशेषच, या पडवीपर्यंतही येता येत नसे.

भाऊसाहेबांनी पैसा मिळवला तो खाणीत. दुसरे महायुद्ध संपल्यावर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते आणि गोव्याच्या डोंगरात ते होते. पोर्तुगीज सरकार खाणींच्या सवलती देत होते आणि 1950 च्या दशकात पाहता पाहता या धंद्याने गोव्याचे रूप बदलले. डिचोली तालुक्यात राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. वरचा जांभा दगड काढायचा, खालची लाल माती खणायची, ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यावर आणायची, तिथून बार्जांत भरायची आणि मांडवीतून मुरगावच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत पोहोचवायची. पावसाळ्यात मांडवीचे मुख बार्जांना धोक्याचे होते. तेव्हा त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरतात. या व्यवसायात ज्यांनी हिशेब नीट ठेवला आणि जोखीम घेतली ते थोड्या वर्षांत मोठे झाले. बांदोडकर त्यांतले एक. गोव्यातील अनेक खाणमालक जुन्या, नावाजलेल्या पेढ्यांचे होते. भाऊसाहेबांच्या मागे तशी पेढी नव्हती.

पैसा आल्यावर त्यांनी जे केले त्यामुळे लोक त्यांना ओळखू लागले. शाळांना देणग्या, देवळांच्या जीर्णोद्धाराला मदत, गरजू विद्यार्थ्यांची फी, कोणाच्या घरचे लग्न, कोणाचे आजारपण. मदत मागणारा कोणत्या जातीचा आणि कोणत्या धर्माचा हे पाहिले जात नसे, असे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. राजकारणात येण्याआधीच्या या काळाबद्दल जुनी माणसे फार बोलतात, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. मुख्यमंत्री झाल्यावर उदार होणे सोपे असते, तिजोरी सरकारची असते. हा पैसा त्यांच्या खिशातला होता.

एक गोष्ट इथे लपवू नये. ज्या खाणींतून ही दाने झाली त्याच खाणींच्या धंद्याने पुढे डिचोली आणि सत्तरीच्या शेतांत लाल गाळ भरला, झरे आटवले. तेव्हा त्याचा विचार कोणीच करत नव्हते. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या तेव्हा अनेक घरांतले ट्रक अंगणात उभे राहिले. तीही याच धंद्याची दुसरी बाजू. डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले ते लिलावानंतर. मोठ्या मुलांनी या विषयावर वर्गात जरूर वाद घालावा.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, 9 डिसेंबर 1963 रोजी, पहिली विधानसभा निवडणूक झाली. गोव्याच्या 28, दमणची एक आणि दीवची एक अशा तीस जागा. काँग्रेस हा देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारा पक्ष, तोच जिंकणार असे दिल्लीला वाटत होते. गोव्यात त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. लोकांनी दोन नव्या पक्षांना मते दिली. एक भाऊसाहेबांनी त्याच वर्षी उभा केलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, चिन्ह सिंह, मागणी महाराष्ट्रात विलीन होण्याची. दुसरा डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष, मागणी गोवा वेगळा ठेवण्याची. सिंहाला मित्रांसह निसटते बहुमत मिळाले. भाऊसाहेब स्वतः निवडणुकीला उभेच नव्हते. तरी 20 डिसेंबर 1963 रोजी मुख्यमंत्री म्हणून शपथ त्यांनीच घेतली आणि नंतर फोंडा तालुक्यातील मडकईतून पोटनिवडणुकीत निवडून आले. खाणमालक, वय बावन्न, सरकारी कामाचा अनुभव शून्य. पणजीच्या सचिवालयातील मुरलेल्या अधिकाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना आम्ही करू शकतो.

त्यांच्या कारभाराविषयी कितीतरी किस्से आजही सांगितले जातात, गाडी मध्येच थांबवून शेतात उतरल्याचे, कोणाच्या झोपडीत पेज जेवल्याचे. खरे किती आणि वाढवलेले किती हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. कागदावर राहिलेले दोन निर्णय मात्र आम्हांला महत्त्वाचे वाटतात.

पहिला शाळांचा. गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या, आणि बहुतेक मराठी माध्यमाच्या, कारण पालक तेच मागत होते. इमारती नव्हत्या तेव्हा देवळात, भाड्याच्या घरात, मिळेल त्या सोप्यावर वर्ग भरले. शिक्षक पुरेनात तेव्हा शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता), कोल्हापूरकडून तरुण मास्तर आणि बाई आल्या. त्यांतले बरेच जण इथलेच झाले. आमच्या शाळेतल्या काही मुलांचे आजी-आजोबा असेच आले होते. ज्या घरात पाच पिढ्यांत कोणी पाटीला हात लावला नव्हता त्या घरातली मुलगी चौथी पास झाली, पुढे तीच शिक्षिका झाली, हे गोव्यात एका पिढीत घडले. इतक्या झपाट्याने झालेला दुसरा बदल आम्हांला तरी सांगता येणार नाही.

दुसरा निर्णय जमिनीचा. इथे मुलांना तीन शब्द समजावून देतो. भाटकार म्हणजे जमीनमालक. कूळ म्हणजे त्याची शेती खंडाने कसणारा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा, ज्याला भाटकाराची मर्जी फिरली तर चूल उचलावी लागे. 1964 च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण मिळाले आणि खंडावर मर्यादा आली. जमीन कसणाऱ्याच्या मालकीची व्हावी ही दुरुस्ती व्हायला 1976 उजाडले, मुंडकारांचा कायदा 1975 चा. तेव्हा भाऊसाहेब हयात नव्हते आणि मुख्यमंत्रिपदावर त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर होत्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या भाटकारांतही मराठी घरे होती, हिंदू होती, त्यांनी भाऊसाहेबांना कधी क्षमा केली नाही.

आता विलीनीकरणाकडे येऊ. या विषयावर आमच्या पालकांत दोन मते आहेत हे आम्ही जाणतो आणि ती राहणारच.

पक्षाचा मुख्य कार्यक्रमच गोवा महाराष्ट्रात नेण्याचा होता. विधानसभेत तसा ठराव 1965 साली झाला. युनायटेड गोवन्सचे म्हणणे असे की एका निवडणुकीच्या निकालावर इतका मोठा प्रश्न सोडवता येणार नाही, लोकांना थेट विचारा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत हाच आग्रह धरला. शेवटी संसदेने 1966 च्या डिसेंबरमध्ये कायदा केला. स्वतंत्र भारतात असा कौल फार थोड्या वेळा घेतला गेला आहे. जुनागडला 1948 साली झाला, सिक्कीमला 1975 साली, आणि मध्ये हा गोव्याचा. मुख्यमंत्री खुर्चीवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही असा आक्षेप आला तेव्हा भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 3 डिसेंबर 1966 पासून राष्ट्रपती राजवट आली.

16 जानेवारी 1967. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. विलीनीकरणासाठी फूल, वेगळ्या गोव्यासाठी दोन पाने. त्याआधीचे काही आठवडे घराघरांत फूट पडली होती. भाऊ फुलाचा तर मेहुणा पानांचा. मुंबईहून पुढारी येत, कलापथके येत, रात्री-अपरात्री सभा होत. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयी लोकांत नाराजी होती आणि पानांच्या बाजूने तिचा चांगला उपयोग करून घेतला. पेडणे, डिचोली, सत्तरी फुलाच्या बाजूने भक्कम उभे राहिले. तरी मोजणी झाली तेव्हा फुलाला 1,38,170 आणि पानांना 1,72,191 मते होती. 34,021 मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले.

भाऊसाहेबांसाठी तो केवढा धक्का असेल! पक्षाच्या नावातच महाराष्ट्र होता. सत्ता सोडून ते या एका प्रश्नावर लोकांपुढे गेले होते आणि लोकांनी नाही म्हटले होते. विरोधकांना वाटले, आता हा पक्ष संपला. पण 28 मार्च 1967 रोजी, म्हणजे अवघ्या दहा आठवड्यांनी, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा बहुमत दिले. 5 एप्रिलला भाऊसाहेब दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. ज्यांनी जानेवारीत पानांवर शिक्का मारला त्यांतल्या काहींनी मार्चमध्ये सिंहावर मारला असणार. महाराष्ट्रात जायचे नाही, पण राज्य भाऊसाहेबांनी करावे, असे त्यांचे म्हणणे दिसते. गोव्याच्या मतदाराचे हे शहाणपण आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुठे येत नाही, यायला हवे.

त्यांनी कौल मानला. त्यानंतर त्यांचा भर गोव्यातच काय उभे करता येईल यावर राहिला. 1970 साली कला अकादमी स्थापन झाली. मांडवीवरचा पूल त्याच वर्षी खुला झाला. त्याआधी पेडण्याहून निघालेल्या माणसाला बेतीला फेरीबोटीची वाट पाहावी लागे आणि पणजीतले एक काम म्हणजे अख्खा दिवस. (तो पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, आजचे पूल नंतरचे.) भाऊसाहेबांना खेळांचे वेड होते, क्रिकेटचे विशेष. त्यांच्या नावाची फुटबॉलची सुवर्णचषक स्पर्धा एका काळी देशात गाजली. शिकार आणि मासेमारीही त्यांना आवडे. आजच्या मुलांना शिकारीचे कौतुक वाटू नये, तेव्हा ते सर्रास होते.

सगळेच सुरळीत नव्हते. पक्ष त्यांच्या एकट्याभोवती फिरत होता आणि निर्णयही एकट्याचे असत. 1970 मध्ये त्यांच्याच काही आमदारांनी बंड केले आणि सरकार वाचवायला विरोधी बाकांवरच्या काहींचा आधार घ्यावा लागला. दुसरी फळी तयार झाली नाही ही त्यांच्या कारभारातली उणीव आम्हांला वाटते. 1972 च्या निवडणुकीत मात्र पक्षाने तीसपैकी 18 जागा जिंकल्या, आधीपेक्षा जास्त.

तिसरी कारकीर्द पुरी झाली नाही. 12 ऑगस्ट 1973 रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. वय बासष्ट. त्या दिवशी पणजीला माणसांचा पूर लोटला होता. त्यांत मोठ्या संख्येने होते ते अनवाणी आलेले कूळ, मुंडकार आणि खाणकामगार. शशिकलाताई गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या आणि 1979 पर्यंत त्या पदावर राहिल्या. पुढे 1990 साली शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमापुरते ठेवण्याचा निर्णय त्यांच्या काळातला. 2011 साली सरकारने तो बदलला. विश्वस्तांना त्याचे परिणाम ठाऊक आहेत. शशिकलाताई 2016 साली गेल्या.

भाऊसाहेबांच्या काळात सुरू झालेल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांपैकी काही पटसंख्येअभावी बंद झाल्या, काही शेजारच्या शाळेत विलीन केल्या गेल्या. ज्यांनी 1967 साली फुलावर किंवा पानांवर शिक्का मारला त्या पिढीतले धाकटेसुद्धा आज ऐंशीच्या घरात आहेत, कारण तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. म्हणून आमची एक विनंती. आपल्या घरी, वाड्यावर किंवा आजोळी असे आजी-आजोबा असतील तर मुलांनी त्यांच्याजवळ बसून त्या दिवसाची आठवण लिहून आणावी. मत कोणाला दिले हे त्यांनी सांगितले नाही तरी चालेल, तो त्यांचा हक्क आहे. कोणत्या शाळेत मतदानाला गेले, सोबत कोण होते, निकाल कसा कळला, एवढे पुरे. त्या काळचा शाळेचा दाखला, कुळाच्या खंडाची पावती किंवा एखादे छायाचित्र सापडले तर त्याची प्रत कार्यालयात द्यावी, मूळ कागद घरीच जपून ठेवावा. आलेले लेखन पुढच्या अंकात छापू.